जिम्पची थीम बदलताना: रंग, चिन्हं, अक्षरं आणि फोटोभोवतीचा करडा पट्टा

जिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. सगळं काळंभोर दिसतं, आणि टूलबॉक्समधलं कुठलं साधन निवडलेलं आहे ते कळत नाही. यावर ‘थीम बदला’ असं एका वाक्यात सांगितलं जातं. माणूस थीम बदलतो आणि निम्मी तक्रार तशीच राहते, कारण जिम्पचं रूप एका कळीवर चालत नाही. खिडकीचा रंग एका जागी ठरतो, चिन्हांचा संच दुसरीकडे, चिन्हांचा आणि अक्षरांचा आकार तिसरीकडे. फोटोभोवतीच्या मोकळ्या जागेचा रंग तर भलत्याच पानावर असतो. फोटो छापायला देणाऱ्यासाठी यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकं तिकडेच कोणी फिरकत नाही.

मेन्यूंची नावं इथे इंग्रजी इंटरफेसमधली, देवनागरीत लिहिलेली आहेत. विंडोज आणि लिनक्सवर ‘प्रेफरन्सेस’ हे पान ‘एडिट’ मेन्यूत सगळ्यांत खालच्या भागात असतं. मॅकवर ते ‘जिम्प’ या नावाच्या मेन्यूत जातं.

आधी आवृत्ती पाहा

‘हेल्प → अबाउट’ उघडा आणि आकडा बघा. २.१० ही मालिका एप्रिल २०१८ मध्ये आली, ३.० मार्च २०२५ मध्ये. थीमच्या बाबतीत या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. २.१० ही जीटीके २ या, खिडक्या आणि बटणं काढून देणाऱ्या जुन्या संचावर उभी आहे, ३.० जीटीके ३ वर. जुन्या संचात थीम वेगळ्या भाषेत लिहितात, नव्यात वेबपानांसारख्या सीएसएस फायलींत. त्यामुळे २.१० साठी केलेली थीम ३.० मध्ये बसवण्याचा खटाटोप करू नका, ती चालणार नाही.

गंमत म्हणजे जीटीके हा संच मुळात जिम्पसाठीच तयार झाला, त्याच्या नावातला ‘जी’ हा जिम्पचाच. तरी २०११ मध्ये आलेल्या जीटीके ३ वर पोचायला जिम्पला चौदा वर्षं लागली.

रंगसंगती बदलणे

३.० मध्ये सगळ्यांत जवळचा रस्ता म्हणजे ‘हेल्प → वेलकम डायलॉग’. त्यातल्या ‘पर्सनलाइझ’ या पानावर रंगसंगती, चिन्हांचा आकार आणि अक्षरांचा आकार एकाच जागी मिळतात. नवीन बसवलेल्या जिम्पमध्ये ही खिडकी आपोआप उघडते आणि बहुतेकजण ती न वाचताच बंद करतात.

सविस्तर रस्ता असा:

१. ‘एडिट → प्रेफरन्सेस’ उघडा. डाव्या यादीत ‘इंटरफेस’च्या शेजारच्या लहान खुणेवर क्लिक करून ते उलगडा आणि ‘थीम’ निवडा.

२. वरच्या यादीत ‘डिफॉल्ट’ आणि ‘सिस्टिम’ दिसतील. ‘डिफॉल्ट’ ही जिम्पची स्वतःची थीम. ‘सिस्टिम’ म्हणजे जिम्प आपली रंगरंगोटी बाजूला ठेवून जीटीकेची जी थीम संगणकावर असेल ती वापरतं. लिनक्सवर याचा उपयोग आहे, कारण तिथे डेस्कटॉपची थीम बहुधा जीटीकेचीच असते. विंडोजवर ‘सिस्टिम’ निवडून फार काही हाती लागत नाही.

३. ‘डिफॉल्ट’ ठेवून खालच्या ‘कलर स्कीम व्हेरियंट’ या खटक्यातून गडद, मध्यम करडी किंवा फिकट यांतली एक निवडा.

४. निवडताक्षणी खिडकीचा रंग बदलतो. पसंत पडलं तर ‘ओके’, नाही तर ‘कॅन्सल’. ‘कॅन्सल’ केल्यावर जुना रंग परत येतो, त्यामुळे सगळे पर्याय निर्धास्तपणे फिरवून बघा.

२.१० मध्ये पान तेच, पण रंगसंगतीचा वेगळा खटका नसतो. ‘डार्क’, ‘ग्रे’, ‘लाइट’ आणि ‘सिस्टिम’ अशा सरळ चार थीम यादीत असतात. २.१० मध्ये थीम गडद केल्यावरही खिडकीची वरची शीर्षकपट्टी पांढरी राहू शकते. ती पट्टी जिम्प रंगवत नाही, विंडोज रंगवतं. तो रंग विंडोजच्या ‘सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → कलर्स’मधून बदलावा लागतो.

गडद, करडी की फिकट?

गडद थीम डोळ्यांना बरी वाटते आणि हल्ली सगळ्याच सॉफ्टवेअरना ती असते, म्हणून ती निवडली जाते. अंधाऱ्या खोलीत फक्त स्क्रीनसाठी काम करत असाल, म्हणजे यूट्यूबचं थंबनेल किंवा मोबाइलवर जाणारं पोस्टर करत असाल, तर काही बिघडत नाही. काम कागदावर जाणार असेल तेव्हा मात्र विचार करावा.

आपला डोळा कुठलाही उजेड एकट्याने मोजत नाही, शेजारच्या रंगाशी तोलून मोजतो. तोच करडा चौकोन काळ्यावर ठेवला तर उजळ दिसतो, पांढऱ्यावर ठेवला तर गडद. गडद खिडकीत फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो. मग आपण कर्व्ह्ज (फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं साधन) थोडे खाली ओढतो किंवा फोटो आहे तसाच सोडतो. तोच फोटो अल्बमच्या पांढऱ्या पानावर छापून आला की काळवंडलेला दिसतो, शालूच्या घड्या आणि केसांतले बारकावे गडपच होतात. अशा वेळी दोष फोटो छापणाऱ्या लॅबला दिला जातो. पांढऱ्या खिडकीत बरोबर उलटं घडतं. फोटो मलूल वाटतो, आपण तो जास्त उजळवतो आणि पांढऱ्या फेट्यावरचे, मोगऱ्याच्या गजऱ्यातले तपशील उडून जातात.

म्हणून छपाईचं काम करणाऱ्याने मधली करडी रंगसंगती ठेवावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. ती दिसायला रुक्ष आहे, पण ती डोळ्याला ना वर खेचते ना खाली. रंगछटांनाही हेच लागू आहे. निळसर किंवा जांभळट छटेची हौशी थीम घेतली की त्वचेचा रंग जोखताना डोळा विरुद्ध बाजूला झुकतो. निळ्या चौकटीत गोरा चेहरा पिवळट भासतो आणि आपण तो पिवळेपणा काढायला लागतो, जो फोटोत नव्हताच.

मॉनिटरची चूक थीम निस्तरत नाही, हेही ध्यानात असू द्या. मॉनिटरचा उजेड शंभर टक्क्यांवर असेल तर कुठल्याही थीममध्ये छपाई गडदच वाटणार. छपाईच्या कामासाठी स्क्रीनचा पांढरा रंग दर चौरस मीटरला साधारण ८० ते १२० कॅन्डेला ठेवण्याची रीत आहे. मोजायचं उपकरण नसेल तर मॉनिटरशेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे जवळपास सारखे उजळ दिसेपर्यंत मॉनिटर मंद करा. ही ढोबळ पद्धत आहे, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरी.

फोटोभोवतीची जागा: खरी मेख इथे आहे

फोटो खिडकीपेक्षा लहान दिसत असला की त्याच्या चहूबाजूंनी मोकळी जागा उरते. जिम्प तिला ‘कॅनव्हास पॅडिंग’ म्हणतं. डोळ्यावर सर्वांत जास्त परिणाम या पट्ट्याचा होतो, कारण फोटोच्या कडेला चिकटून तोच असतो. मुद्दाम सांगायचं तर मेन्यू आणि टूलबॉक्स गडद ठेवून फक्त हा पट्टा करडा करता येतो. ज्यांना गडद थीम सोडवत नाही त्यांच्यासाठी ही उत्तम तडजोड.

‘प्रेफरन्सेस → इमेज विंडोज → अपिअरन्स’ उघडा. तिथे दोन भाग दिसतील, वरचा नेहमीच्या खिडकीसाठी आणि खालचा पूर्ण पडद्यासाठी. दोन्हींत ‘कॅनव्हास पॅडिंग मोड’ हा खटका आहे. ‘फ्रॉम थीम’ म्हणजे थीमचा रंग. मधले दोन पर्याय पारदर्शक भाग दाखवणाऱ्या चौकटींतला फिकट किंवा गडद रंग घेतात. शेवटचा ‘कस्टम कलर’ निवडला की खालची रंगाची पट्टी जागी होते.

नेहमीच्या खिडकीच्या भागात ‘कस्टम कलर’ निवडून पट्टीवर क्लिक करा आणि लाल, हिरवा, निळा या तिन्हींना ११९ द्या. डोळ्याला मध्यावरचा वाटणारा करडा तो हाच. उजेडाच्या मोजणीत तो पांढऱ्याच्या साधारण १८ टक्के असतो, छायाचित्रकारांच्या करड्या कार्डाइतका. २५५ चा निम्मा म्हणून १२८ घेणारे बरेच आहेत. तो थोडा उजळ पडतो, पण चालून जाईल.

इथे एक खड्डा आहे. रंग निवडण्याच्या खिडकीत मोजपट्टी ० ते १०० आणि ० ते २५५ अशा दोन प्रकारांत बदलता येते, आणि त्याची दोन बटणं वर असतात. ० ते १०० चालू असताना ११९ टाकलंत तर जिम्प ते १०० वर आणून ठेवतं आणि पट्टा पांढराफटक होतो. त्या मोजपट्टीवर आकडा ४६.७ लागतो. याहून सोपं म्हणजे खालच्या ‘एचटीएमएल नोटेशन’च्या चौकटीत इंग्रजी अंकांत सात (7) हा आकडा सहा वेळा टाकून एंटर दाबणे.

आता खालचा भाग, म्हणजे पूर्ण पडद्याचा. तिथे ‘कस्टम कलर’ निवडून पांढरा द्या. काम करताना भोवताली करडा राहतो. एफ ११ दाबून पडदा पूर्ण केलात की फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर येतो, अल्बमच्या पानावर किंवा पासपार्टूत (फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) दिसेल तसा. सोबत टॅब कळ दाबलीत तर कडेच्या सगळ्या खिडक्या लपतात. फोटो लॅबकडे पाठवण्याआधी अर्धा मिनिट असं पाहिलंत तर काळोखलेला फोटो तिथेच पकडता येतो. परत यायला पुन्हा टॅब आणि एफ ११.

फरक स्वतः पाहायचा असेल तर सावल्या जास्त असलेला एखादा फोटो उघडा, झूम कमी करून तो पडद्याच्या निम्म्या भागात बसेल एवढा लहान दिसू द्या आणि ‘व्ह्यू → पॅडिंग कलर’मधून रंग आळीपाळीने काळा, करडा, पांढरा करा. एकाही पिक्सेलला हात न लावता सावल्या वर-खाली होताना दिसतील. हा मेन्यू फक्त त्या उघड्या फोटोपुरता असतो. प्रेफरन्सेसमध्ये बदललेला रंग एखाद्या आधीच उघडलेल्या फोटोला लागला नाही, तर याच मेन्यूतलं ‘ॲज इन प्रेफरन्सेस’ निवडा.

हा पट्टा फाइलमध्ये जात नाही, निर्यात होत नाही, छापलाही जात नाही. पारदर्शक भागातल्या चौकटीही तशाच, फक्त दाखवायच्या. त्या फिकट, मध्यम किंवा गडद करायला, किंवा चौकटींऐवजी सपाट रंग ठेवायला ‘प्रेफरन्सेस → डिस्प्ले’मध्ये जा. पांढरा लोगो कापून काढत असाल तर चौकटी गडद करा. फिकट चौकटींवर पांढऱ्याच्या कडेला राहिलेली घाण दिसत नाही.

चिन्हं

‘प्रेफरन्सेस → इंटरफेस → आयकॉन थीम’. २.१० पासून जिम्प एकरंगी, रेखाचित्रासारखी चिन्हं देतं. त्यामागचा विचार असा की रंगीत चिन्हांनी फोटोवरचं लक्ष विचलित होऊ नये. विचार योग्य आहे, पण नवशिक्याला त्यातलं बादलीचं चिन्ह आणि ग्रेडियंटचं चिन्ह सारखंच वाटतं.

रंगीत चिन्हं हवी असतील तर ३.० मध्ये ‘लेगसी’ निवडून बघा, किंवा ‘यूज सिम्बॉलिक आयकॉन्स इफ अव्हेलेबल’ या चौकटीतली खूण काढा. २.१० मध्ये ‘कलर’ आणि ‘लेगसी’ हे संच यादीतच असतात. ‘लेगसी’ म्हणजे २.८ च्या काळातली जुनी रंगीत चिन्हं. जुन्या पुस्तकावरून किंवा व्हिडिओवरून शिकणाऱ्याने हाच संच घ्यावा, म्हणजे पडद्यावरचं आणि पुस्तकातलं जुळतं.

२.१० मध्ये फिकट थीम लावल्यावर चिन्हं नाहीशी झाल्यासारखी वाटण्याचा प्रकार होतो. तिथली एकरंगी चिन्हं आपला रंग थीमप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून त्यांचे सुलटे आणि उलटे असे वेगळे संच दिले आहेत. नावात ‘इन्व्हर्टेड’ असलेला आणि नसलेला असे दोन्ही लावून बघा, एक नक्की उठून दिसेल. नजर कमजोर असेल तर नावात ‘हाय कॉन्ट्रास्ट’ असलेला संच घ्या. ३.० मध्ये ही भानगड राहिली नाही, तिथली एकरंगी चिन्हं थीमचा रंग आपोआप घेतात.

आकार आणि अक्षरं

लॅपटॉपचा पडदा लहान पण रेझोल्यूशन जास्त असेल तर जिम्पची चिन्हं मुंगीएवढी दिसतात. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवूनही फरक पडत नाही अशी तक्रार येते. त्याचं कारण जीटीकेत आहे. जीटीके ३ चिन्हं आणि बटणं पूर्ण पटीतच मोठी करतं, म्हणजे एकपट नाही तर दुप्पट. दीडपट, सव्वापट त्याला जमत नाही, म्हणून १५० टक्क्यांवरही ती एकपटच राहतात. जीटीके २ ला तर तेवढंही जमत नव्हतं.

उपाय हाताने करायचा. ३.० मध्ये ‘इंटरफेस’ विभागात ‘ओव्हरराइड आयकॉन सायझेस सेट बाय द थीम’ या चौकटीत खूण करा आणि खालची सरकपट्टी लहान, मध्यम, मोठा, प्रचंड यांपैकी एकावर आणा. १४ इंची फुल एचडी पडद्याला मध्यम ते मोठा पुरतो. ‘प्रचंड’ ठेवलात तर टूलबॉक्स अर्धा डावा भाग खाऊन टाकतो. २.१० मध्ये ‘आयकॉन थीम’च्या पानावर जिम्पने रेझोल्यूशनवरून आकार ओळखावा, थीमचा आकार घ्यावा किंवा आपण ठरवावा असे पर्याय आहेत. ओळखण्याचा पर्याय बऱ्याचदा चुकतो, तेव्हा सरळ शेवटचा घ्या.

अक्षरांसाठी ३.० च्या ‘थीम’ पानावर ‘फॉन्ट स्केलिंग’ ही सरकपट्टी आहे. १०० म्हणजे मूळ आकार. ही पट्टी मराठी वापरणाऱ्यांनी जरूर हलवावी. लेयरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांची, नावं देवनागरीत लिहिली, उदाहरणार्थ ‘वधूवर मुख्य’ किंवा ‘निमंत्रण मजकूर’, तर ती इंटरफेसच्याच अक्षरांत दिसतात. रोमन अक्षरांना पुरणारा आकार जोडाक्षरांना आणि वरच्या-खालच्या मात्रांना अपुरा पडतो. ‘क्ष्म’ आणि ‘क्ष’ यांतला फरक ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. ११५ ते १२५ पर्यंत नेऊन बघा. त्यापुढे गेलात तर कडेच्या खिडक्यांतली लेबलं अर्धवट तुटायला लागतात आणि त्या खिडक्या रुंद कराव्या लागतात.

लेयरच्या यादीतली छोटी चित्रं मोठी करायची असतील तर ‘इंटरफेस’ विभागात लेयर आणि चॅनेलच्या पूर्वचित्रांचा आकार वेगळा ठरवता येतो. वीस-तीस लेयरच्या पत्रिकेत मोठी पूर्वचित्रं खूप जागा खातात, तिथे लहानच बरी.

साधनं गटागटाने एकाच चिन्हामागे लपलेली असतात, तेही पुष्कळांना खटकतं. ‘इंटरफेस → टूलबॉक्स’मध्ये ‘यूज टूल ग्रुप्स’ची खूण काढली की प्रत्येक साधन सुटं दिसू लागतं. त्याच पानावर न लागणाऱ्या साधनांपुढच्या डोळ्याच्या खुणा बंद केल्यात तर टूलबॉक्स आटोपशीर राहतो. फक्त छाटणी आणि रंगदुरुस्ती करणाऱ्याला दहा-बारा साधनं पुष्कळ झाली.

बाहेरून आणलेली थीम बसवणे

इंटरनेटवर जिम्पच्या थीम भरपूर आहेत. त्यांतल्या बऱ्याच २.१० साठीच्या, म्हणून उतरवण्याआधी आवृत्ती तपासा. उघडलेल्या फोल्डरमध्ये जीटीकेआरसी नावाची फाइल असेल तर ती जुनी. सीएसएस फायली असतील तर ३.० साठीची.

‘प्रेफरन्सेस’च्या डाव्या यादीत सगळ्यांत खाली ‘फोल्डर्स’ उलगडा आणि ‘थीम्स’ निवडा. उजवीकडे दोन पत्ते दिसतील. एक तुमच्या खात्यातला, दुसरा जिम्प जिथे बसवलं आहे तिथला. वापरायचा तो पहिला. दुसऱ्या जागी हात लावायला प्रशासकाचे अधिकार लागतात आणि जिम्पची पुढची सुधारणा आली की तिथलं सगळं पुसलं जातं. विंडोजवर पहिल्या जागेचं वरचं फोल्डर लपवलेलं असतं, एक्सप्लोररमध्ये शोधून ते सापडत नाही. पत्ता नक्कल करून एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत चिकटवा आणि एंटर दाबा.

आता उतरवलेली झिप उघडून थीमचं पूर्ण फोल्डर तिथे ठेवा. जिम्प बंद करून पुन्हा सुरू करा, कारण थीमची यादी ते सुरू होतानाच वाचतं.

यादीत थीम दिसली नाही तर दहापैकी नऊ वेळा फोल्डरमध्ये फोल्डर झालेलं असतं. विंडोज झिप उघडताना तिच्याच नावाचं आणखी एक फोल्डर बनवतं, आणि जिम्प फक्त पहिल्या पातळीपर्यंत बघतं. आतलं फोल्डर बाहेर काढा. दुसरं कारण म्हणजे उतरवलेली गोष्ट चिन्हांचा संच असणे. तिचं फोल्डर वेगळं आहे, ‘फोल्डर्स → आयकॉन थीम्स’ इथे दिसतं.

जिम्पला फोटोशॉपसारखं रूप देणारं फोटोजिम्प नावाचं पॅकेजही बरंच वापरलं जातं. ती नुसती थीम नाही. ते खिडक्यांची मांडणी आणि कीबोर्डच्या कळाही बदलतं, आणि त्यासाठी तुमच्या सेटिंग्जच्या फायलींवर स्वतःच्या फायली टाकतं. आधी आपलं जिम्पचं खासगी फोल्डर, म्हणजे ‘थीम्स’च्या एक पायरी वरचं, पूर्ण नक्कल करून बाजूला ठेवा. ते मूळ जागी परत ठेवलं की सगळं पूर्ववत होतं.

स्वतःचे छोटे बदल

पूर्ण थीम नको, एखादीच गोष्ट बदलायची आहे, अशा वेळी ३.० मध्ये खासगी फोल्डरात जिम्प डॉट सीएसएस या नावाची फाइल ठेवायची. नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान. जिम्प निवडलेल्या थीमनंतर ही फाइल वाचतं, त्यामुळे तिच्यातले नियम थीमवर मात करतात.

त्याच फोल्डरात थीम डॉट सीएसएस नावाचीही एक फाइल दिसेल. तिला हात लावू नका. ती जिम्प स्वतः लिहितं, दर वेळी सुरू होताना आणि थीम बदलताना. तिच्यात केलेला बदल पुढच्या वेळी गायब होतो. हे त्या फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, तरी लोक तिथेच बदल करून डोकं धरून बसतात.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल बनवताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा. नाही तर नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी जोडतं, आणि एक्सप्लोररने फायलींची शेपटं लपवलेली असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. नियमांचा साचा वेबपानाच्या सीएसएससारखाच. आधी कोणत्या घटकाला लागू ते, मग महिरपी कंस, आत गुणधर्म, कोलन, मूल्य आणि अर्धविराम. अर्धविराम विसरला तर पुढचा नियमही बिघडतो आणि जिम्प पडद्यावर काही बोलत नाही, फक्त बदल होत नाही. लिनक्सवर टर्मिनलमधून जिम्प सुरू केलंत तर चूक कोणत्या ओळीत आहे ते तिथे छापून येतं.

दर बदलानंतर जिम्प बंद-चालू करायची गरज नाही. ‘थीम’च्या पानावरचं ‘रीलोड करंट थीम’ हे बटण दाबा. एक इशारा: अक्षरांचा आकार सगळ्या घटकांना ठोक आकड्यात दिलात, म्हणजे अमुक पॉइंट, तर वर सांगितलेली ‘फॉन्ट स्केलिंग’ची पट्टी निकामी होते. दोन्हींपैकी एकच वापरा.

मूळ थीमचे रंगच बदलायचे असतील तर ‘डिफॉल्ट’चं पूर्ण फोल्डर जिम्पच्या जागेतून नक्कल करून खासगी ‘थीम्स’मध्ये आणा आणि नाव बदला. एकटी फाइल आणून भागत नाही, कारण तिथल्या सीएसएस फायली एकमेकींना बोलावतात. गडद, करड्या आणि फिकट रंगांच्या फायली वेगळ्या आहेत. आपण वापरतो तीच उघडून रंगांचे आकडे बदला, एका वेळी एकच.

बिघडलं तर

अशी थीम लागली की काळ्यावर काळी अक्षरं, मेन्यूही वाचता येत नाही. अशा वेळी जिम्प बंद करा, खासगी फोल्डरातलं त्या थीमचं फोल्डर दुसरीकडे हलवा आणि पुन्हा सुरू करा. थीम सापडली नाही की जिम्प आपल्या मूळ थीमवर येतं. चूक जिम्प डॉट सीएसएसमध्ये असेल तर तिचं नाव बदललं तरी पुरे.

‘प्रेफरन्सेस’च्या खिडकीत खाली ‘रीसेट’ हे बटण दिसतं. ते फक्त थीमसाठी नाही, झाडून सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर आणतं, रंग व्यवस्थापनातल्या प्रोफाइलसकट. मॉनिटरची प्रोफाइल लावून ठेवलेली असेल तर थीमच्या रागाने हे बटण दाबू नका.

बदल टिकतच नाहीत, दर वेळी जुनंच रूप येतं, असं झालं तर खासगी फोल्डरातली जिम्पआरसी ही फाइल फक्त वाचण्यापुरती झालेली आहे का ते बघा. दुसऱ्या संगणकावरून किंवा पेनड्राइव्हवरून नक्कल केलेल्या फायलींचं असं होतं. तिच्या गुणधर्मांत जाऊन ‘रीड-ओन्ली’ची खूण काढा. ही फाइल हाताने बदलायची वेळ आलीच तर आधी जिम्प पूर्ण बंद करा, नाही तर ते आपल्या आठवणीतलं तुमच्या बदलावर पुन्हा लिहून टाकतं.

आणि कडेच्या खिडक्या सगळ्याच गेल्या, फक्त फोटो उरला, तर थीमचा काही दोष नाही. चुकून टॅब दाबली गेली आहे. पुन्हा दाबा, किंवा ‘विंडोज → हाइड डॉक्स’समोरची खूण काढा.